सोसायटीसाठी मॅनेजमेंट कंपनी नेमताना: काय सोपवायचं, काय हातात ठेवायचं

कंपनी नेमली की समिती मोकळी झाली, असं समजणाऱ्या सोसायट्या पहिल्या ऑडिटलाच अडचणीत येतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी प्रकरण १३-ब हे वेगळं प्रकरण घातलं गेलं. त्यातली जबाबदारी समितीवर आहे, मॅनेजमेंट कंपनीवर नाही. सहकार खात्याच्या उपनिबंधकांची नोटीस येईल ती चेअरमन आणि सेक्रेटरीच्या नावाने. टीडीएस, म्हणजे बिलातून कापायचा प्राप्तिकर, भरला नाही म्हणून दंड लागला तर तो सोसायटीच्याच नावावर. कंपनी ही तुमची ठेकेदार आहे. ती कामं करते आणि करवून घेते. निर्णय, सही आणि पैसा सोसायटीकडेच राहिला पाहिजे. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

साधारण चाळीस फ्लॅटपर्यंत कंपनीची गरज फारशी पडत नाही. एक चांगला वॉचमन, सकाळी दोन तास येणारी सफाईवाली बाई, लिफ्टचं एएमसी (वार्षिक देखभाल करार) आणि महिन्याला हिशेब लिहून देणारा अकाउंटंट यावर भागतं. नाशिकमध्ये पाथर्डी फाटा, म्हसरूळ, आडगाव, गंगापूर रोडच्या पुढच्या पट्ट्यात आता तीन-चार विंगच्या, एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा) आणि क्लबहाऊस असलेल्या सोसायट्या झाल्या आहेत. तिथे नोकरी सांभाळून सेक्रेटरीपद निभावणं कठीण जातं आणि कंपनी उपयोगी पडते.

आधी कागद काढा

कंपन्यांना बोलावण्यापूर्वी आपली इमारत कोणत्या कायद्याखाली आहे ते पाहा. नाशिकमध्ये गेटवर ‘अपार्टमेंट’ लिहिलेलं असतं, पण त्यावरून काहीच कळत नाही. उपनिबंधकांचं नोंदणी प्रमाणपत्र असेल तर ती सहकारी गृहनिर्माण संस्था. दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं घोषणापत्र, म्हणजे डीड ऑफ डिक्लरेशन असेल, तर १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालची असोसिएशन.

हा फरक थेट बिलात उतरतो. सोसायटीत सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना समान असतं, वन बीएचके असो की थ्री बीएचके. असोसिएशनमध्ये सामाईक खर्च घोषणापत्रात लिहिलेल्या अविभाजित हिश्श्याच्या टक्केवारीनुसार वाटला जातो. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र बऱ्याचदा ‘दर चौरस फूट’ हा एकच साचा असतो आणि तोच सगळीकडे चिकटवला जातो. सोसायटीला असं बिल लावलं की छोट्या-मोठ्या फ्लॅटवाल्यांची भांडणं सुरू होतात आणि प्रकरण उपनिबंधकांकडे गेलं तर सोसायटीची बाजू लंगडी ठरते.

त्यानंतर सर्वसाधारण सभेचा ठराव. कंपनी नेमायची का, वर्षाला किती खर्चापर्यंत, कोणती कामं, हे ठरावात लिहा. समितीला स्वतःच्या अधिकारात किती खर्च करता येतो आणि कितीच्या वर निविदा मागवायच्या, ही मर्यादा तुमच्या उपविधीत (बाय-लॉजमध्ये) आणि सभेच्या ठरावात असते. ती ओलांडून परस्पर करार केला तर पुढची समिती तोच धागा पकडून बसते. वार्षिक सभेच्या नोटिशीला पूर्ण १४ दिवस लागतात, विशेष सभेला ५. त्यामुळे घाई असेल तर विशेष सभा बोलावणं सोयीचं.

कंपनीला काय द्यायचं

रोजचं, मोजता येणारं, पुन्हापुन्हा करायचं काम द्या. सुरक्षा रक्षक, सफाई, कचरा वेगळा करून घंटागाडीच्या वेळेला गेटवर आणणं, बाग, पंप चालवणं, वायरमन-प्लंबर, एसटीपी ऑपरेटर, लिफ्ट आणि जनरेटरच्या एएमसीवाल्यांचा पाठपुरावा, तक्रारींची नोंद. हिशेबाच्या बाजूने बिलं तयार करणं, पावत्या, बँकेशी ताळमेळ, टीडीएसची कच्ची आकडेमोड, ऑडिटरला कागद पुरवणं.

सभासदत्व देणं, फ्लॅट हस्तांतराला मंजुरी, निवडणूक, सभेचं प्रोसिडिंग (इतिवृत्त), थकबाकीदारावर कारवाईचा निर्णय, निविदा उघडणं ही कामं देऊ नका. ‘आय’ आणि ‘जे’ नमुन्यातली सभासद नोंदवही, शेअर सर्टिफिकेटचं बुक आणि प्रोसिडिंग बुक सेक्रेटरीच्या कपाटात राहावं. कंपनीच्या ऑफिसात नव्हे. कंपनीचा मॅनेजर प्रोसिडिंगचा मसुदा टाइप करून देत असेल तर हरकत नाही, सही करण्यापूर्वी वाचा म्हणजे झालं.

बँकेचं खातं हा सगळ्यात नाजूक भाग. चेकवर दोन सह्या चालू ठेवणं सोपं असतं. घसरण होते ती नेट बँकिंगमध्ये. खजिनदार कामात असतात, मॅनेजर फोन करतो, “काका, महावितरणचं बिल आज शेवटच्या तारखेला आहे, ओटीपी सांगता का?” आणि दोन महिन्यांत ती सवयच होऊन जाते. बँकेला लेखी कळवून मेकर आणि चेकर अशी दुहेरी मंजुरी चालू करून घ्या. मॅनेजरने पेमेंट तयार करावं, समितीतल्या दोघांनी मंजूर करावं. ओटीपी समितीच्या मोबाइलवरच यावा आणि तिथेच राहावा. मेंटेनन्स ॲपवरून सभासदांनी भरलेले पैसे थेट सोसायटीच्या खात्यात जमा होतात की आधी कंपनीच्या खात्यात जातात, हेही करारापूर्वी विचारा. दुसरा प्रकार असेल तर सोडून द्या.

कोटेशन कसं वाचायचं

तीन-चार कंपन्यांकडून कोटेशन मागवताना सगळ्यांना एकाच नमुन्याचा तक्ता भरायला द्या. नाहीतर एकाचा दर जीएसटीसह, दुसऱ्याचा जीएसटीशिवाय, तिसऱ्याचा रिलीव्हर, म्हणजे सुट्टीच्या दिवशीचा बदली माणूस, धरून. अशी तुलना करण्यात अर्थ नसतो.

रक्षकाच्या दराची फोड अशी दिसायला हवी. समजण्यापुरतं मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून १४,००० रुपये धरू. मालकाचा पीएफ हिस्सा प्रशासकीय आकार धरून १३ टक्के, म्हणजे १,८२०. ईएसआयसीचा (कामगार विमा) ३.२५ टक्के हिस्सा ४५५. बोनस ८.३३ टक्क्यांनी १,१६६. बेरीज १७,४४१. त्यावर कंपनीचा सेवा आकार ८ टक्के धरला तर १,३९५, आणि एकूण १८,८३६ वर १८ टक्के जीएसटी ३,३९१. माणूस पडला सुमारे २२,२२७ रुपयांना. यात रजेचे पैसे आणि गणवेश अजून धरलेलाच नाही. खरे आकडे त्या वेळच्या किमान वेतनानुसार बदलतील, पण रचना हीच राहते.

आता कोणी याच माणसाचा दर सगळं मिळून १६,००० सांगत असेल तर उरलेले पैसे रक्षकाच्या खिशातून जाणार, हे उघड आहे. पीएफ भरला जाणार नाही किंवा दोघांच्या जागी एकाकडून सोळा तास काम करून घेतलं जाईल. रात्री दोन वाजता तुमचा वॉचमन झोपलेला सापडतो त्यामागे हे कारण असतं. वर कायद्याच्या भाषेत सोसायटी ही मूळ मालक, म्हणजे प्रिन्सिपल एम्प्लॉयर आहे. ठेकेदाराने पगार किंवा पीएफ बुडवला तर वसुली तुमच्यापर्यंत येऊ शकते. त्यामुळे सगळ्यात स्वस्त कोटेशन बाजूला ठेवायला आम्ही सांगतो, त्यात रक्षकावर दया हा भाग असेलच, पण सोसायटीचा स्वार्थही आहे.

राज्यात विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैमध्ये बदलतो. वाढ झाली तर दर आपोआप वाढणार की वर्षभर बांधलेला राहणार, हे करारात लिहा. आमचा कल पहिल्या पर्यायाकडे आहे. वाढ सरकारी अधिसूचनेनुसार आणि फक्त वेतनाच्या भागावर द्यावी, कंपनीचा सेवा आकार मात्र रुपयांत बांधून ठेवावा. एकूण खर्चाच्या टक्केवारीवर फी घेणाऱ्या कंपनीला तुमचा खर्च कमी करण्यात काहीच रस नसतो.

कागदपत्रांत सुरक्षा कंपनीचा २००५ च्या खासगी सुरक्षा संस्था कायद्याखालचा महाराष्ट्राचा परवाना, पीएफ आणि ईएसआयसी नोंदणी, जीएसटी प्रमाणपत्र आणि मागच्या तीन महिन्यांची पीएफची चलनं पाहा. चलनासोबत नावांची यादी असते, ती मागा. नुसत्या रकमेच्या चलनावरून कोणाचा पीएफ भरला ते कळत नाही. कंपनी सध्या सांभाळत असलेल्या दोन सोसायट्यांना न सांगता जाऊन या. चेअरमनला भेटण्याआधी पंपरूम आणि कचऱ्याची जागा बघा.

सव्वीस की तीस

बिलात सर्वाधिक पैसे या एका प्रश्नावर निसटतात, म्हणून जरा थांबू. एका गेटवर चोवीस तास माणूस हवा आणि पाळी आठ तासांची असेल, तर तीस दिवसांच्या महिन्यात ९० ड्युट्या होतात. एक माणूस साप्ताहिक सुट्टी धरून २६ ड्युट्या करतो. ९० ला २६ ने भागा, साडेतीन माणसं लागतात. म्हणजे तीन रक्षक आणि अर्धा रिलीव्हर. कोटेशनमध्ये तीनच रक्षक दाखवले असतील तर सुट्टीच्या दिवशी गेटवर कोण, हे आधीच विचारा.

गैरहजेरीची कपातही इथेच येते. रक्षकाचा मासिक दर समजा १८,२०० रुपये. हा दर २६ ड्युट्यांचा असेल तर एका ड्युटीचे ७०० रुपये झाले. कंपनी कपात करताना ३० ने भागते, म्हणजे ६०७ रुपयेच कापते. महिन्याला पंधरा ड्युट्या रिकाम्या गेल्या तर चौदाशे रुपयांचा फरक, आणि चार गेट असलेल्या संकुलात तो कितीतरी वाढतो. करारात सरळ लिहा: बिल माणसांवर नाही, ड्युट्यांवर. दर प्रति ड्युटी. हजेरीचं मस्टर गेटवर राहील आणि रोज रात्री समितीतला एक जण त्यावर सही करेल. महिन्याच्या शेवटी मस्टरवरच्या ड्युट्या मोजायच्या, दराने गुणायचं, बिल तयार.

सफाई कामगारांनाही हीच पद्धत लावा. फिनेल, ॲसिड, झाडू, कचऱ्याच्या पिशव्या कंपनीने ‘मटेरियलसह’ दरात दिल्या तर त्या पाण्यासारख्या पातळ होतात. सामान सोसायटीने घाऊक दुकानातून स्वतः घ्यावं आणि साठ्याची वही मॅनेजरकडे ठेवावी.

करारात काय हवं

करार एक वर्षाचा, स्टॅम्प पेपरवर, नूतनीकरण आपोआप नाही. दोन्ही बाजूंना ३० दिवसांच्या नोटिशीने बाहेर पडता यावं. कंपन्यांच्या छापील मसुद्यात कंपनीला ३० आणि सोसायटीला ९० दिवस असं असतं, ते समान करून घ्या. कामगार बदलण्याचा हक्क सोसायटीकडे असावा. पण रोज नवीन रक्षक पाठवण्यावर बंधन घाला, कारण नवख्याला कोण सभासद आणि कोण पाहुणा हे कळत नाही. प्रत्येक रक्षकाची पोलीस पडताळणी हजर होण्यापूर्वी व्हावी.

लिफ्ट, जनरेटर, अग्निशमन यंत्रणा आणि एसटीपीचे एएमसी थेट सोसायटीच्या नावाने ठेवा. कंपनी फक्त पाठपुरावा करेल. कंपनीच्या नावाने एएमसी असलं की मधलं कमिशन बसतं आणि कंपनी गेली की लिफ्टवाला फोन उचलत नाही. लिफ्टच्या एएमसीत पार्टसह कोणता आणि फक्त मजुरीचा कोणता, हे नीट वाचा. जुन्या लिफ्टला पार्टसह घेतलेलं बरं.

दंडाची कलमं मोजकी पण लागू करता येतील अशी ठेवा. ड्युटी रिकामी गेली तर त्या ड्युटीचा दर दीडपट कापणे, टाकी ओव्हरफ्लो झाली तर ठरावीक रक्कम, चलन उशिरा आलं तर बिल थांबवणे. वीस प्रकारचे दंड लिहिले की एकही लागत नाही.

सीसीटीव्हीचा पासवर्ड, ॲपचा ॲडमिन हक्क आणि सभासदांचे फोन नंबर सोसायटीचे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यामुळे हा विषय आता ‘सगळेच देतात’ म्हणून सोडण्यासारखा राहिलेला नाही.

पहिला आठवडा पंपरूममध्ये

कंपनी बदलते तेव्हा सगळे गेटवरचा नवा गणवेश बघतात. खरी परीक्षा पंपरूममध्ये असते. पहिल्याच दिवशी नव्या मॅनेजरसोबत तिथे उभे राहा आणि सगळ्या मीटरचं रीडिंग, पंपांचा एचपी, व्हॉल्व्हची ठिकाणं, पॅनेलची स्थिती फोटोसह लिहून घ्या.

पाण्याचा अंदाज सोपा आहे. माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरलं जातं. ८४ फ्लॅट, घरटी चार माणसं, म्हणजे रोज ४५,३६० लिटर. पंप तासाला १२ हजार लिटर चढवत असेल तर पावणेचार-चार तासांत काम व्हायला हवं. नोंदवहीत सहा तास दिसत असतील तर काहीतरी बिघडलं आहे. बहुधा ओव्हरहेड टाकीचा फ्लोट अडकून पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून वाहतंय. किंवा पाणी परत खाली येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह सुटलाय. ते ओळखायचं कसं? पंप बंद केल्यावर त्याचा शाफ्ट काही क्षण उलटा फिरतो आणि वर गेलेलं पाणी परत खाली येताना पाइपात घरघर ऐकू येते. इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चक्र) झिजला असेल तर पंप चालू असताना गेजवरचा दाब नेहमीपेक्षा कमी दिसतो. पाच एचपीचा पंप तासाला चार-साडेचार युनिट खातो. रोजचे दोन तास जास्त म्हणजे महिन्याला अडीचशेच्या आसपास युनिट फुकट. हे महावितरणच्या बिलात दिसतं, पण तोपर्यंत महिना गेलेला असतो. म्हणून पंप चालू-बंदची वेळ रोज लिहायची आणि मीटर रीडिंग रोज सकाळी एकाच वेळेला घ्यायचं.

महापालिका दुरुस्तीसाठी शनिवारी पाणीपुरवठा बंद ठेवते तेव्हा शुक्रवारी रात्री खालची आणि वरची टाकी दोन्ही भरून ठेवणं हे मॅनेजरचं काम. दुसऱ्या दिवशी टँकरचं बिल आलं की आधी शुक्रवारची नोंद बघा. टाकी रिकामी असताना पंप कोरडा चालला तर सील जळतं, त्यामुळे खालच्या टाकीत लेव्हल सेन्सर नसेल तर पहिल्या महिन्यातच बसवून घ्या.

टाक्या सहा महिन्यांतून एकदा धुवा. धुतल्यानंतर नळाच्या पाण्यात शिल्लक क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावं. साधं टेस्ट किट बाजारात मिळतं, दोन मिनिटांचं काम आहे.

दर महिन्याची फाइल

महिन्याच्या पाच तारखेपर्यंत मॅनेजरने एक फाइल द्यावी: मस्टर, आधीच्या महिन्याची पीएफ-ईएसआयसी चलनं नावांसह, पगार बँकेत जमा केल्याचा पुरावा, पंप आणि जनरेटरची नोंदवही, उघड्या तक्रारींची यादी, थकबाकीचा तक्ता. पीएफ आणि ईएसआयसी या दोन्ही चलनांची मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेला असते. म्हणून जुलैच्या बिलासोबत जूनचं चलन मागा, त्याच महिन्याचं मागितलं तर ‘अजून भरलं नाही’ हे उत्तर खरंच असतं. चलन नाही तर बिल नाही, हा नियम पहिल्या महिन्यापासून पाळा. चौथ्या महिन्यात सुरू केला तर कंपनीला तो अपमान वाटतो.

पेमेंट करताना टीडीएस कापायला विसरू नका. एका बिलाची रक्कम ३०,००० च्या वर किंवा वर्षाची एकूण एक लाखाच्या वर गेली की ठेकेदाराच्या पेमेंटवर टीडीएस लागतो. ठेकेदार व्यक्ती असेल तर १ टक्का, कंपनी किंवा भागीदारी फर्म असेल तर २. यासाठी सोसायटीकडे टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा खाते नंबर हवा. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायची, मार्चची ३० एप्रिलपर्यंत.

सभासदांच्या बिलातल्या चुका वेगळ्या. काही कंपन्या सगळं मिळून एकच ‘मेंटेनन्स’ आकडा छापतात. आदर्श उपविधीप्रमाणे सेवा शुल्क, पाणी, लिफ्ट, दुरुस्ती निधी, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी), पार्किंग हे वेगवेगळे रकाने हवेत. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.७५ टक्के, सिंकिंग फंड ०.२५ टक्के. सिंकिंग फंडातून कंपनीचं बिल भागवता येत नाही आणि रकानाच वेगळा नसेल तर ते भागवलं गेलं हे कळतही नाही. भाडेकरू असलेल्या फ्लॅटचं बिनभोगवटा शुल्क हे सेवा शुल्काच्या १० टक्के असतं. सॉफ्टवेअर ते पूर्ण बिलाच्या १० टक्के लावतं, ही चूक इतकी सर्रास आहे की पहिल्या बिलात शोधाच.

जीएसटीचंही तसंच. कंपनी तुम्हाला १८ टक्के लावते म्हणून सभासदांच्या बिलावरही लावायचा असं नाही. सभासदाकडून महिन्याला ७,५०० रुपयांपेक्षा जास्त घेतले जात असतील आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर असेल, तेव्हाच तो प्रश्न येतो.

थकबाकी आणि व्याज

वसुलीची आठवण कंपनीने करावी, कारवाई समितीने. २०१४ च्या आदर्श उपविधीत थकबाकीवर कमाल २१ टक्के सरळ व्याज आहे. तुमच्या नोंदणीकृत उपविधीत आणि सभेच्या ठरावात जो दर असेल तोच लावा. ‘सरळ’ हा शब्द सॉफ्टवेअरला माहीत नसतो. महिना ३,००० रुपयांचं बिल वर्षभर थकलं तर २१ टक्क्यांनी सरळ व्याज ४,०९५ रुपये होतं. मागच्या बिलातलं व्याज मुद्दलात मिळवत गेलं तर तेच सुमारे ४,३७० होतं. फरक पावणेतीनशेचा, पण वसुली दाखल्यासाठी अर्ज कराल तेव्हा समोरचा वकील नेमका हाच आकडा धरतो. अर्ज कलम १५४ब-२९ खाली उपनिबंधकांकडे जातो. त्यासाठी समितीचा ठराव, खातेउतारा आणि नोटिशी पोहोचल्याच्या पोचपावत्या लागतात. या पोचपावत्या जपून ठेवणं हे कंपनीचं काम म्हणून करारात लिहा.

थकबाकीदाराचं पाणी बंद करायला किंवा लिफ्टचं कार्ड ब्लॉक करायला रक्षकाला सांगू नका. ते अंगाशी येतं आणि मूळ थकबाकी बाजूला राहते.

वर्षाच्या तारखा

मॅनेजरच्या टेबलासमोर एक कॅलेंडर लावा. जानेवारी आणि जुलैत अग्निशमन यंत्रणेचा फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला. तो परवानाधारक एजन्सीकडून घेऊन महापालिकेच्या अग्निशमन विभागात द्यायचा असतो. त्या निमित्ताने फायर पंपाचं पॅनेल उघडून बघा. कुठेतरी गळती असली की पंप सारखा चालू होतो, म्हणून कोणीतरी सिलेक्टर ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर फिरवून ठेवतं आणि तसाच विसरतं. आग लागली तर पंप चालू होणारच नाही. फॉर्म बी वर मात्र सगळं ठीक असतं.

एप्रिल-मे मध्ये गच्चीवरचे आउटलेट, डक्ट आणि पावसाळी चेंबर साफ. लिफ्टची शासकीय तपासणी आणि एआरडीची (वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणणारी यंत्रणा) बॅटरी वर्षातून एकदा. ३१ जुलैपर्यंत ऑडिट, ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा आणि वार्षिक विवरणपत्रं. इमारत १५ वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांनंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट. मॅनेजर आठवण देईल, ऑडिटर आणि इंजिनिअर निवडणं सभेचं काम.

नाशिककरांनी यात एक भर घालावी. सिंहस्थाच्या मुख्य पर्वण्या ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. पंचवटी आणि गंगापूर रोडच्या सोसायट्यांत फ्लॅट दिवसाच्या भाड्याने देणारे, पाहुण्यांच्या गाड्या, अनोळखी माणसं हे सगळं त्या काळात वाढणार. रक्षकांचीही शहरात टंचाई होईल, कारण प्रत्येक हॉटेल आणि पार्किंगला माणूस लागेल. ज्यांचा करार २०२७ च्या पावसाळ्यात संपतो त्यांनी जादा ड्युट्यांचा दर आधीच ठरवून घ्यावा.

बिल्डरने नेमलेली कंपनी

नव्या प्रकल्पात कंपनी बहुधा बिल्डरने आणलेली असते आणि सोसायटी स्थापन झाल्यावर तीच पुढे चालू राहते. तिचा एक ठळक तोटा आहे. रेरा कायद्याप्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला तर बिल्डरने तो ३० दिवसांत, फुकट दुरुस्त करायचा असतो. बेसमेंटची गळती, उखडलेल्या टाइल्स, फुटलेली ड्रेनेज लाइन यांची तक्रार बिल्डरला लेखी जायला हवी. बिल्डरच्याच मेहेरबानीवर आलेली कंपनी ती तक्रार ‘दुरुस्ती’ म्हणून सोसायटीच्या पैशाने मिटवून टाकते आणि पाच वर्षं निघून जातात. पहिल्या पाच वर्षांत प्रत्येक दुरुस्तीच्या बिलावर समितीने एक प्रश्न विचारावा: हे बिल्डरचं काम आहे का? असेल तर आधी फोटो आणि पत्र, मग दुरुस्ती.

कंपनी बदलताना

नोटीस लेखी द्या आणि पोच घ्या. शेवटच्या आठवड्यात नव्या आणि जुन्या मॅनेजरला एकत्र फिरवा. चाव्या, मीटर रीडिंग, एएमसीची कागदपत्रं, सीसीटीव्ही आणि ॲपचे पासवर्ड, सामानाचा साठा यांची यादी करून तिघांच्या सह्या घ्या. सभासदांचे खातेउतारे एक्सेलमध्ये मागून घ्या आणि ते उघडतात का ते कंपनी असेपर्यंतच तपासा. पीडीएफ दिली तर नव्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं हाताने भरावं लागतं. पासवर्ड त्याच दिवशी बदला.

चांगले रक्षक नव्या कंपनीत ठेवायचे असतील तर जुन्या करारात त्यावर बंदीचं कलम आहे का ते नोटीस देण्यापूर्वी वाचा. शेवटचं बिल लगेच चुकतं करू नका. शेवटच्या महिन्याचं पीएफ चलन पुढच्या १५ तारखेनंतरच मिळतं. ते आणि रक्षकांना पगार पूर्ण मिळाल्याच्या त्यांच्या सह्या हातात आल्या, की मगच टीडीएस कापून उरलेली रक्कम द्या.